भूमिगत एफ.एम.चे निवेदक : आठवणी आणि मूल्यमापन

‘भूमिगत रेडिओ’ हा शब्दप्रयोग ऐकताच मराठी वाचकाला १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालविलेले उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचे काँग्रेस रेडिओ आठवते. तेथे निवेदनाची किंमत तुरुंगवास ही होती. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास ज्या एफ.एम. केंद्रांना ‘अंडरग्राउंड’ हे विशेषण लाभले, ती मात्र रीतसर परवाना असलेली आणि बहुतांशी जाहिरातींवर चालणारी केंद्रे होती. हा भेद प्रथमच नोंदविणे आवश्यक आहे. कारण या केंद्रांच्या निवेदकांविषयी जे स्मृतिलेखन झाले, त्यात विशेषणाने वस्तुस्थितीवर मात केल्याचे वारंवार दिसते.

या स्मृतिलेखनात जिम लॅड यांचे ‘रेडिओ वेव्ह्ज’ (१९९१), मायकेल कीथ यांनी मुलाखतींच्या आधारे सिद्ध केलेले ‘व्हॉइसेस इन द पर्पल हेझ’ (१९९७) आणि रिचर्ड नीर यांचे ‘एफ.एम.’ (२००१) ही पुस्तके महत्त्वाची आहेत. लॅड यांनी आपल्या केंद्राला कल्पित नाव दिले असल्याने त्यांचे पुस्तक आत्मकथन व कादंबरी यांच्या सीमेवर रेंगाळते. कीथ यांच्या ग्रंथात अनेक आवाज आहेत, परंतु ते एकाच सुरात बोलतात. नीर स्वतः न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.एन.ई.डब्ल्यू.-एफ.एम. केंद्रावर निवेदक असूनही मालक, श्रोतृसंख्या आणि उत्पन्न यांचा हिशेब मांडतात, म्हणून त्यांचे पुस्तक अधिक विश्वसनीय वाटते. तिन्हींचे कथासूत्र मात्र एकच आहे : स्वातंत्र्य मिळाले, व्यापाऱ्यांनी ते हिरावून घेतले.

वस्तुतः हे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी शासकीय नियमाने दिले होते. एकाच मालकाची ए.एम. आणि एफ.एम. केंद्रे तोच कार्यक्रम दोन्हीकडे प्रसारित करीत. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफ.एम.वरील निदान निम्मा वेळ स्वतंत्र कार्यक्रमांना द्यावा, असा नियम केंद्रीय दळणवळण आयोगाने केला आणि १९६७ च्या आरंभापर्यंत तो अमलात आला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.ओ.आर.-एफ.एम.सारखी केंद्रे या सक्तीतून घडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या के.एम.पी.एक्स.ची गोष्ट निराळी. तेथे परभाषिक कार्यक्रमांना वेळ विकून कसाबसा निर्वाह चाले. म्हणूनच १९६७ च्या फेब्रुवारीत लॅरी मिलर यांना मध्यरात्रीनंतरचे तास मिळाले आणि एप्रिलमध्ये टॉम डोनाह्यू यांना सायंकाळचे. ज्या वेळेला बाजारभाव नव्हता, तीच वेळ प्रयोगाला मिळाली.

डोनाह्यू यांचे पूर्वचरित्रही बंडखोराच्या प्रतिमेत सहज बसत नाही. लोकप्रिय गीतांच्या ए.एम. केंद्रावर त्यांनी नाव कमावले होते, ध्वनिमुद्रिकांची कंपनी चालविली होती आणि १९६६ मधील बीटल्सच्या सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमाच्या आयोजनातही त्यांचा वाटा होता. बाजार त्यांना आतून ठाऊक होता. ए.एम.ची पद्धत कुठे थकली आहे हे त्यांना कळले ते त्यामुळेच, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या निवेदकांचे खरे कर्तृत्व कोणते? ए.एम.वर मोजक्या गीतांची यादी दिवसभर फिरत असे; गीताच्या आरंभीच्या वाद्यसंगीतावर निवेदकाचे भरधाव बोलणे चाले. एफ.एम.च्या निवेदकाने आवाज खाली आणला, वेग कमी केला आणि तबकडीची संपूर्ण बाजूही ऐकविली. १९६१ पासून मान्यता मिळालेल्या स्टिरिओ प्रसारणाने त्याला साथ दिली. परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. चार-पाच रचना मध्ये न बोलता जोडायच्या आणि मग त्यांची नावे सांगायची. एका गीताची लय जिथे विरते तिथून दुसऱ्याची उचलायची. ब्लूजनंतर रॉक, रॉकनंतर रविशंकरांची सतार ठेवून ऐकणाऱ्याच्या कानाला नवे नाते सुचवायचे. मैफलीत कोणत्या रागानंतर कोणता घ्यावा याचा विवेक गायकाला जसा असावा लागतो, तसाच हा विवेक होता. ही संपादकाची कला होय. स्मृतिग्रंथांत निवेदकांची मते विपुल सापडतात. हा क्रम मात्र क्वचितच सापडतो. कलावंताची कला वगळून त्याचा बाणा तेवढा जतन करावा, असा हा प्रकार आहे.

याच दृष्टीमुळे काही माणसे कडेला राहिली. डोनाह्यू यांनी के.एम.पी.एक्स.वर ध्वनियंत्रणा सांभाळण्यासाठी स्त्रियांची नेमणूक केली होती. एका तबकडीतून दुसरीत जाण्याचा नेमका क्षण ज्यांच्या बोटांवर अवलंबून होता, त्या निव्वळ साहाय्यक कशा मानाव्यात? त्यांतील डस्टी स्ट्रीट पुढे स्वतः नामवंत निवेदिका झाल्या. न्यूयॉर्कमध्ये ॲलिसन स्टील यांनी ‘नाइटबर्ड’ या नावाने रात्रपाळीला काव्यवाचन व संगीत यांची जोड देऊन स्वतःची शैली निर्माण केली. मुक्तीचा उच्चार करणाऱ्या या क्षेत्रात स्त्रीला बहुधा रात्रच मिळाली, याची चिकित्सा व्हावी तितकी झालेली नाही.

१९६८ च्या मार्चमध्ये के.एम.पी.एक्स.च्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि मे महिन्यात त्यांतील बहुतेक जण के.एस.ए.एन.मध्ये गेले. ते केंद्र मेट्रोमीडिया या बड्या कंपनीचे होते, ही बाब आठवणींत ओझरती येते. कंपनीच्या छपराखालीच हा प्रयोग सर्वाधिक बहरला. उतरणीलाही एकच कारण नव्हते. अमली पदार्थांचा पुरस्कार करणाऱ्या गीतांविषयी केंद्रांनी दक्ष राहावे, अशी सूचना आयोगाने १९७१ मध्ये काढली. निवेदकाच्या निवडीपेक्षा पूर्वसंमत यादी मालकाला सुरक्षित वाटू लागली. पुढे श्रोतृसंशोधनाने यादी आखली जाऊ लागली. डोनाह्यू १९७५ मध्ये निवर्तले. १९८० मध्ये के.एस.ए.एन. ‘कंट्री’ संगीताकडे वळले.

मूल्यमापनासाठी आता ध्वनिफितींकडेच वळावे लागेल. बॉब फॅस यांनी १९६३ पासून डब्ल्यू.बी.ए.आय. या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केंद्रावर ‘रेडिओ अननेमेबल’ हा मध्यरात्रीचा कार्यक्रम केला आणि त्याच्या फिती जपून ठेवल्या. त्यांचा संग्रह कोलंबिया विद्यापीठाकडे आहे आणि त्यांच्यावरील २०१२ च्या माहितीपटात त्यातील ध्वनी वापरला आहे. एका रात्री जीव देण्यासाठी गोळ्या घेतलेल्या माणसाचा दूरध्वनी आला असता, त्याचा ठावठिकाणा लागेपर्यंत फॅस त्याच्याशी प्रसारणातच बोलत राहिले. तो वाचला. त्या रात्रीचे निवेदन कोणत्या घोषणेने नव्हे, तर आवाजाच्या संथपणाने तोलून धरलेले होते.