शाळकरी लेखणी आणि कुंचला

विद्यार्थ्यांच्या लेखनाचें परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे नाहीं. त्याचें कौतुक होतें, त्याला बक्षीस मिळतें, क्वचित् गुणही मिळतात. परंतु तें वाचून त्यांत साधलें काय व फसलें काय हें सांगण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. मुलांनीं केलें आहे, तेव्हां चांगलेंच म्हणावयाचें, अशी एक उदार समजूत रूढ होऊन बसली आहे. ही उदारता म्हणजे वस्तुतः उपेक्षाच होय असें आमचें मत आहे. म्हणून वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांतील धनज व त्याच्या आसपासच्या गांवांतील माध्यमिक शाळांचीं जीं हस्तलिखितें आणि ज्या चित्रवह्या आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांविषयीं येथें थोडें स्पष्टपणें लिहिण्याचें योजिलें आहे. लेखक-चित्रकारांचीं नांवें आम्ही देत नाहीं. तीं चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें आहेत. छापील निंदास्तुतीपासून त्यांस अजून कांहीं वर्षें मोकळीक असावी.

शाळेच्या हस्तलिखिताचें रूप वाचकांच्या परिचयाचें असेलच. मुखपृष्ठावर वीणाधारिणी सरस्वती, आंत मुख्याध्यापकांचे आशीर्वाद, संपादक-मंडळाची नामावळी, मग आई, मैत्री, शाळा आणि पाऊस यांवरील कविता, सुविचार, कोडीं व विनोद. पावसावरील कविताच दहा-बारा तरी भरतील. त्या सर्वांत ढग नगारे वाजवितात, मोर नाचतो आणि बेडूक शाळा भरवितात. धनजच्या मुलास पाऊस ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे? मृगाच्या सरी आल्या म्हणून सोयाबीन पेरावें, मग पंधरा-पंधरा दिवस आभाळाकडे पाहत राहावें, कोंब करपून जावेत आणि उसनवारी करून पुन्हां बियाणें आणावें, हा प्रकार त्याच्या घरीं घडलेला असतो. पण कवितेचा पाऊस हा निराळा व घरचा पाऊस निराळा, असें त्यास कोणीं तरी, बहुधा नकळत, शिकविलें आहे. नगारे वाजविणारा ढग त्यानें पाठ्यपुस्तकांत पाहिला. तो छापलेला होता, म्हणून तोच खरा.

या गर्दींत नववींतील एका मुलाचा दीड पानांचा गद्यलेख आम्हांस सांपडला. विषय दुबार पेरणीचाच आहे. बापानें दुसऱ्यांदा आणलेली बियाण्याची थैली अंगणांत ठेवली व तो कोणाशीं न बोलतां निजला. बियाण्यास औषध चोळलेलें असल्यामुळें तें कोंबड्यांनीं टिपूं नये म्हणून राखण बसण्याचें काम मुलाकडे आलें. आईनें पहिल्या पेरणीची रिकामी थैली धुऊन धाकट्या बहिणीसाठीं बसकर शिवलें. एवढाच मजकूर. दुःख हा शब्द त्यांत कोठेंही नाहीं. कोंबड्या हांकतां हांकतां मुलगा बापाच्या निजलेल्या पाठीकडे पाहतो, इतकेंच तो सांगतो, आणि वाचणाऱ्यास त्या घरांतील शांतता ऐकूं येते. प्रौढ लेखकांच्या ग्रामीण कथा आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांपैकीं थोड्याच कथांस इतका संयम साधला आहे.

योगायोगानें या लेखाची कच्ची प्रत पक्क्या प्रतीस टांचलेली राहून गेली होती, त्यामुळें लेखाचें पुढें काय झालें हेंही कळलें. मुलानें 'वावर' लिहिलें होतें, तेथें तांबड्या शाईनें 'शेत' झालें. 'धुऱ्या'चा 'बांध' झाला. 'माय'ची 'आई' झाली. शेवटीं तीन वाक्यें नवीं आलीं: शेतकरी जगाचा पोशिंदा आहे, त्यास मान दिला पाहिजे, वगैरे. कोंबड्या व थैली यांच्यानंतर तीं वाक्यें एखाद्या सभेच्या अध्यक्षाप्रमाणें उभीं राहतात. गुरुजींचा हेतु शुद्ध होता यांत आम्हांस संशय नाहीं. मुलास प्रमाणभाषा आली पाहिजे, तिच्यावांचून त्याचें पुढें अडेल, हें त्यांचें म्हणणें आम्हांसही मान्य आहे. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत जी शिस्त हवी, ती आपल्या अंगणाविषयीं लिहितांनाही लावली पाहिजे असें कोठें आहे? 'धुरा' हा शब्द अशुद्ध नाहीं. ज्या वऱ्हाडांत, रिद्धपुरास, तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें आणि मराठी गद्यास पहिलें रूप दिलें, त्याच वऱ्हाडांतील मुलास त्याच्या तोंडचा शब्द लाज वाटावयास लावून खोडणें हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

तथापि बोली आली म्हणजे वाङ्मय आलें, असा उलट भ्रमही नको. याच वह्यांत एक विनोदी संवाद आहे. त्यांतील प्रत्येक पात्र 'काय करून राह्यला बे' या थाटांत बोलतें. ही वऱ्हाडी धनजची नाहीं. लोकांस हंसविण्यासाठीं रंगमंचावर व पडद्यावर बनविलेली ती वऱ्हाडी आहे. आपल्याच भाषेची दुसऱ्यांनीं केलेली नक्कल मुलानें पुन्हां उचलावी, ही गोष्ट ढगांच्या नगाऱ्यांहून अधिक खेदाची आहे.

शाळकरी लेखन म्हणजे कच्चेंच असावयाचें, असें म्हणणारांस आम्ही १८५५ सालच्या 'ज्ञानोदया'कडे बोट दाखवूं. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं चालविलेल्या शाळेंतील मुक्ता ही मांग जातीची सुमारें चौदा वर्षांची विद्यार्थिनी. तिचें शिक्षण उणेंपुरें तीन वर्षांचें. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयीं' हा निबंध त्या पत्रांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. विद्येचे लाभ, प्रातःकाळची शोभा, असले विषय तिला कोणीं दिले नव्हते, किंवा दिले असल्यास तिनें ते घेतले नाहींत. वेद पाहण्याचाही ज्यांस अधिकार नाहीं त्यांचा धर्म कोणता, असें ती सरळ देवासच विचारते. आपल्या लोकांस इमारतींच्या पायांत पुरीत असत तें सांगते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतें, त्यांस थंडीवाऱ्यांत काय सोसावें लागतें, तेंही सांगते. युक्तिवाद व वेदना अशा एकत्र आलेला निबंध त्या काळच्या विद्वानांच्या लेखनांतही विरळा. शेवटीं तीही उपदेश करते, आपल्या लोकांस शिकावयास सांगते. परंतु तो तिचा स्वतःचा उपदेश आहे, वरून चिकटविलेला नाहीं. आमच्या नववींतील मुलाच्या शेवटच्या तीन वाक्यांत व या उपदेशांत जो भेद आहे तो भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा खचित नव्हे.

शिक्षकानें अशा वेळीं काय करावें, याचें एक उदाहरण खानदेशांत होऊन गेलें. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अंमळनेरच्या शाळेंत होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. दुरुस्त करणारा हात आधीं स्वतः लिहिणारा होता. रोज लिहिणें प्रत्येक शिक्षकास साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण वर्षांतून एक पान?

आतां चित्रांकडे वळूं. येथें शाळांवर मोठी सत्ता चालते ती राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांची. त्यांचा उपकार लहान नाहीं. ज्या गांवीं चित्रशाळा नाहीं, प्रदर्शन नाहीं, तेथील मुलाच्या हातीं रंगांची पेटी येते ती पुष्कळदां या परीक्षांमुळेंच. त्यांतील स्मरणचित्र हा विषय तर खेड्यांतील मुलास वरदानच ठरावा. कारण आठवून काढण्यासारखें त्याच्याजवळ शहरी मुलापेक्षां कमी नाहीं. प्रत्यक्षांत होतें असें कीं, बाजार, पाणवठा, बसथांबा अशीं पांच-सहा चित्रें बाजारी पुस्तकांतून घोटून घेतलीं जातात, आणि परीक्षेच्या दिवशीं आठवावयाचें तें घोटलेलें चित्र. अशा चित्रांतील माणसें आम्हांस दुरूनही ओळखूं येतात: तीं एका बाजूनें उभीं असतात, त्यांचे पाय गवतांत आणि हात टोपलीमागें दडलेले असतात, कारण हात व पाय काढणें कठीण.

इंग्लंडांतील डड्ली गांवच्या मुलींच्या हायस्कुलांत मॅरियन रिचर्डसन या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. त्या एखादें दृश्य शब्दांनीं वर्णन करीत, मुली डोळे मिटून तें मनांत पाहत आणि मगच कुंचला उचलीत. तीं चित्रें १९१७ मध्यें रॉजर फ्राय या कलासमीक्षकानें लंडनांत प्रदर्शनांत मांडलीं. आपल्या स्मरणचित्राचा मूळ आशयही हाच असला पाहिजे. डोळे मिटण्यास रंगपेटीइतकाही खर्च नाहीं.

धनजकडील वह्यांत एका मुलीनें काढलेलें कापसाच्या मापाचें चित्र आहे. वेचणी करून आलेल्या बाया गांठोडीं घेऊन उभ्या आहेत, मधें ताणकाटा टांगला आहे. काट्याचें रेखाटन चुकलें आहे. गांठोडें त्यास अडकविलेलें नसून शेजारीं तरंगत आहे असें वाटतें. मागें दोन त्रिकोणी डोंगर व त्यांमधून उगवणारा सूर्य आहे; तसले डोंगर कारंजा तालुक्यांत तरी आम्हांस कोठें दिसले नाहींत, आणि माप तर दिवस कलतांना होतें. हे दोष मोठे आहेत. पण पुढच्या बाईचे हात पाहावेत. ते प्रमाणाबाहेर मोठे आहेत, व बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आहेत, कारण पऱ्हाटीचीं वाळलेलीं बोंडें बोटें फाडतात. जे हात इतर सगळीं मुलें टोपलीमागें दडवितात, ते या मुलीनें चित्राच्या मध्यावर आणले आहेत. कडेला शिसपेनीनें 'हात मोठा' असा शेरा आहे. डोंगरांविषयीं शेरा नाहीं.

स्नेहसंमेलनांतील भाषणांत वत्सगुल्माचा उल्लेख होतो, आणि तो व्हावाच. आजचें वाशिम तें वाकाटकांचें वत्सगुल्म. काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त याच नगरीं लाविला. आणि अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविणारा वराहदेव हा येथल्याच हरिषेण राजाचा सचिव. साहित्य व चित्र या दोहोंचा इतका जुना वारसा फार थोड्या जिल्ह्यांस असेल. परंतु अजिंठ्याच्या चित्रकारांनीं जातककथा रंगविल्या त्या आपल्या डोळ्यांसमोरचीं माणसें, दागिने, हत्ती व घरें घेऊन, हें त्या भाषणांत सांगितल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

आणखी एक गोष्ट. हस्तलिखिताची प्रत एकच असते. कारंजाच्या जैन भांडारांनीं पुष्पदंतासारख्या अपभ्रंश कवींच्या पोथ्या शतकानुशतकें जपल्या, म्हणूनच १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत डॉ. हिरालाल जैन व डॉ. प. ल. वैद्य यांस त्यांचें संपादन करतां आलें. त्याच तालुक्यांतील या वह्या संमेलन संपतांच कपाटांत जातात आणि कपाट भरलें म्हणजे रद्दींत. आम्हीं पाहिलेल्यांपैकीं सर्वांत जुनी वही चार वर्षांपूर्वींची होती. तिच्या आधींच्या कोठें गेल्या हें कोणास सांगतां आलें नाहीं. दुबार पेरणीचा लेख मात्र आम्हीं परवानगीनें उतरून घेतला आहे, कच्च्या प्रतीवरून.