मुसाफिराची यादी

प्रवासवर्णन म्हटले की स्थळे, माणसे आणि लेखकाचे चिंतन यांची आपण अपेक्षा ठेवतो. मग हॉटेले, खाणावळी, केशकर्तनालये, पेट्रोलपंप यांचे नुसते पत्ते देणारी पुस्तिका साहित्यात बसते काय? माझ्या मते अमेरिकेतील ‘ग्रीन बुक’ बसते.

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोस्टमनने ती १९३६ साली काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे रात्र काढता येईल, एवढेच ती सांगते. देश एक, राज्यघटना एक; कायदे मात्र राज्यागणिक निराळे. १९४६ साली ‘मॉर्गन विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की अठरा राज्यांत वाहनांतील वंशभेदाला मनाई आहे, तर दहा राज्यांत बसमध्ये तो सक्तीचा आहे. म्हणजे सीमा ओलांडली की त्याच तिकिटावर, त्याच बसमध्ये जागा बदलायची! आयरिन मॉर्गन यांनी १९४४ साली ती बदलली नाही. न्यायालयाने आंतरराज्य प्रवाशांपुरता तो कायदा अवैध ठरवला. पण आधार घेतला तो आंतरराज्य व्यापाराला होणाऱ्या अडथळ्याचा, समतेचा नव्हे.

‘ग्रीन बुक’ अपमानाचे वर्णन करीत बसत नाही. विद्रोही साहित्यावर पोसलेल्या आपल्या वाचकाला ही उणीव वाटेल. मला ते तिचे सामर्थ्य वाटते. यादीत नसलेले गाव प्रवाशाला बजावते : इथे खात्री नाही, पुढे चल. तिची पहिली आवृत्ती न्यूयॉर्क परिसरापुरती होती, ही बाबही बोलकी आहे. वंशभेदाची सक्ती करणारा कायदा तिथे नव्हता. तरी यादी लागलीच. जिथे कायदा थांबतो, तिथे रूढी पहारा देते.

इथे डॉ. आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आठवते. १९३४ साली निजामाच्या राज्यात, दौलताबादच्या किल्ल्यापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने त्यांच्या काही सहकाऱ्यांनी तोंड व पाय धुतले, म्हणून हौद बाटल्याची ओरड झाली. ओरडणारे मुसलमान होते. आपल्या मेहमाननवाझीचे गोडवे गाणाऱ्या आपण लेखकांनी ते पान कितीदा वाचले?

आज घर वा खोली शोधताना नाव विचारले जाते, तेव्हा आपण व्यथित होतो, आणि ते रास्तच आहे. परंतु त्या दिवशी कुणी दौलताबादची यादी केली असती, तर आपले नाव तिच्यात आले असते काय? हा प्रश्न टाळून लिहिलेले आपले दुःख अर्धेच खरे ठरेल.