‘टंचाई’, ‘दुष्काळसदृश’ आणि ‘दुष्काळ’ : माहितीपर गद्यातील शब्दनिवड, अर्थ आणि स्वर

प्रस्तावना

मराठी समीक्षेने शब्दाचा सूक्ष्म विचार केला तो प्रामुख्याने ललित साहित्याच्या संदर्भात. कवितेतील एक शब्द बदलला तर कविताच बदलते, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. शासन निर्णय, बातमी, अहवाल किंवा पाठ्यपुस्तकातील माहितीचा उतारा समोर आला की मात्र हा आग्रह सुटतो. तेथे विद्यार्थ्याने तथ्ये शोधावीत आणि प्रश्नांची उत्तरे लिहावीत, एवढीच अपेक्षा असते. या व्यवहारामागे एक गृहीतक आहे : माहितीपर गद्यातील शब्द पारदर्शक असतो आणि त्यातून केवळ वस्तुस्थिती दिसते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी महाराष्ट्रातील दुष्काळविषयक गद्याच्या आधारे केली आहे. हे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, येथे शब्द बदलला की केवळ वाक्याचा सूर बदलत नाही, शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हेही बदलते.

संज्ञेचा इतिहास

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. टंचाई ही अलीकडची अवस्था आणि दुष्काळ ही पलीकडची, अशी श्रेणी प्रशासनाच्या भाषेत तेव्हापासून रूढ होत गेली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ मध्ये एक लक्षणीय अधिनियम संमत केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच त्याने वगळली व तिच्या जागी टंचाईवाचक शब्द आणला. टंचाईची चिन्हे दिसताच शासन मदतीला धावून जाते, त्यामुळे दुष्काळाची अवस्था येण्यास आता वावच उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

त्यानंतर दशकभरातच बहात्तरचा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये मदतकामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला होता, लोकांच्या बोलण्यातून तो गेला नव्हता. खडी फोडणारी, पाझर तलावावर माती वाहणारी माणसे त्या कामांना ‘दुष्काळी कामे’च म्हणत राहिली. आजही त्या वर्षाची ओळख ‘बहात्तरचा दुष्काळ’ अशीच आहे, ‘बहात्तरची टंचाई’ असे कोणी म्हणत नाही.

येथे एक भाषिक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रजीत अन्नान्नदशेसाठी एक आणि पावसाच्या अभावासाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत नुसत्या पावसाच्या अभावासाठी ‘अवर्षण’ आहे. ‘दुष्काळ’ म्हणजे मात्र वाईट काळ. त्यात पाऊस, धान्य, चारा, पाणी आणि हाताला काम या साऱ्यांचाच अभाव सामावतो. त्यामुळे ‘फॅमिन’ला दिलेला निरोप मराठीत पूर्ण झालाच नाही. ‘ड्रॉट’चे भाषांतर म्हणून ‘दुष्काळ’ हाच शब्द मागील दाराने परत आला आणि आपल्यासोबत जुन्या स्मृतीही घेऊन आला. हा शब्द लिहिताना प्रशासनाचा हात अडखळतो, याचे एक कारण या अर्थविस्तारात असावे.

‘सदृश’चा अर्थव्यापार

‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा प्रयोग या अडखळण्यातून आलेला दिसतो. काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही उपमा आहे. उपमेत साधर्म्य असते, परंतु भेदही गृहीत असतो. जे दुष्काळासारखे आहे ते दुष्काळ नाही, हे ‘सदृश’ हा शब्द न बोलता सांगतो. अभिधेच्या पातळीवर तो गांभीर्याची कबुली देतो आणि व्यंजनेच्या पातळीवर ती कबुली मागे घेतो. अलंकार केवळ ललित लेखनातच असतात, या समजुतीला शासकीय गद्याने दिलेले हे उत्तर मानता येईल.

हा भेद कागदावरचा नाही. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. ३१ ऑक्टोबर रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर तर ३९ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा ठरला. आठ दिवसांत आभाळ बदलले नव्हते, बदलला होता तो शब्द आणि शब्दाची व्याप्ती. २०२३ मध्येही प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ आणि त्यानंतर उर्वरित भागातील अनेक महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ अशी विभागणी झाली. जमीन महसुलातील सूट, परीक्षा शुल्कमाफी, वीजबिलातील सवलत यांसारख्या उपाययोजना ‘सदृश’ या शब्दालाही लागू होतात. केंद्राच्या आपत्ती निवारण निधीचा मार्ग मात्र ‘दुष्काळ’ या घोषणेतूनच जातो.

शब्दाचे हे वजन न्यायालयापर्यंतही गेले. मे २०१६ मध्ये दुष्काळविषयक याचिकांच्या सुनावणीत, ‘दुष्काळसदृश’ असे जेथे म्हटले आहे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, या आशयाच्या शुद्धिपत्रकाची ग्वाही राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयात दिली. प्रश्न २९ हजारांहून अधिक गावांचा होता. त्याच वर्षी जानेवारीत भारतीय हवामानशास्त्र विभागाने आपल्या परिभाषेतून ‘ड्रॉट’ हा शब्द काढून ‘तुटीचे वर्ष’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली होती. पावसाचे मोजमाप करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय आहे, कारण तूट मोजता येते. परंतु तूट पावसात पडते आणि दुष्काळ माणसाला भोगावा लागतो, हा फरक वाचकाने विसरू नये.

उलट बाजूचे उदाहरण ‘ओला दुष्काळ’ हे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी व पुराने पिकांसह जमिनीही खरवडून गेल्या, तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी सर्वत्र झाली. नियमपुस्तिकेत अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळाच्या सवलती दिल्या जातील, अशी भूमिका शासनाने घेतली. लोकांनी येथे ‘दुष्काळ’ म्हणजे पाऊस नसणे असा अर्थ घेतलाच नाही. वाईट काळ हा मूळ अर्थ त्यांनी जागवला. व्याख्येच्या दृष्टीने विसंगत वाटणारा हा शब्द अनुभवाच्या दृष्टीने अचूक आहे.

क्रियापद आणि कर्ता

स्वर केवळ नामातून ठरत नाही. उदाहरणादाखल रचलेली तीन वाक्ये पाहू : ‘जिल्ह्यात पाणीटंचाई निर्माण झाली आहे’, ‘जिल्ह्यात दुष्काळ पडला आहे’, ‘जिल्ह्यातील गावांना पाणी पोहोचवले गेलेले नाही’. तिन्ही वाक्ये एकाच दिवसाविषयी लिहिता येतील. पहिल्यात टंचाई आपोआप ‘निर्माण’ होते. दुसऱ्यात पाऊस पडावा तसा दुष्काळ ‘पडतो’ आणि जबाबदारी आभाळाकडे जाते. तिसऱ्यात कर्ता अध्याहृत असला तरी त्याची जागा रिकामी दिसते, आणि पाणी कोणी पोहोचवायचे होते, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो.

वृत्तपत्रीय गद्यातील ‘वरुणराजा रुसला’, ‘बळीराजा हवालदिल’ या ठरीव प्रयोगांचे कार्यही असेच आहे. वरुणराजा रुसला की धरणातील पाण्याचे वाटप, उसाखालील क्षेत्र, भूजलाचा उपसा हे विषय वाक्याबाहेर जातात. शेतकऱ्याला ‘राजा’ म्हटले की त्याचे कर्ज झाकले जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या रेल्वेला ‘जलदूत’ हे नाव मिळाले. दूत म्हटले की पोहोचणाऱ्या मदतीचे चित्र उभे राहते. ‘पाण्याची रेल्वे’ म्हटले असते तर एका मोठ्या शहराला पाणी रेल्वेने आणावे लागते, ही वस्तुस्थिती आधी दिसली असती.

याच्या विरुद्ध टोकाला महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आहे. संहितेचा मसुदा झाला त्याच वर्षी, १८८३ मध्ये, लिहिलेल्या या ग्रंथात सारा, कर्ज आणि नोकरशाही यांची माहिती आहे, परंतु तिला कर्ता आहे. कोण लुबाडतो, हे वाक्यातच सांगितलेले असते. माहिती देणे आणि तटस्थ राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मराठी गद्याने इतक्या आधी दाखवून दिले होते.

एक आक्षेप

सौम्य शब्द म्हणजे लपवाछपवी, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. टंचाई आणि दुष्काळ अशी श्रेणी नसेल तर प्रशासनाला वेळीच हालचाल करता येणार नाही. लोक स्थलांतर करू लागण्यापूर्वी टँकर आणि चारा छावणी सुरू व्हावी, यासाठी अलीकडच्या अवस्थेला नाव हवेच. शिवाय प्रत्येक उणिवेला ‘दुष्काळ’ म्हटले, तर त्या शब्दाची धार बोथट होते. म्हणून आक्षेप श्रेणीला नाही. श्रेणीतील खालचा शब्द वरच्या शब्दाची जागा अडवून बसतो, तेव्हा तो घ्यावा लागतो.

निष्कर्ष

१. माहितीपर गद्यातील शब्द पारदर्शक नसतो. तो वस्तुस्थितीची सीमा आखतो आणि त्या सीमेबाहेर काय राहील हेही ठरवतो.

२. तटस्थता हासुद्धा एक स्वर आहे. भाववाचक नामे, कर्ताविहीन क्रियापदे आणि ‘सदृश’सारखी पदे यांतून तो घडवला जातो.

३. शासकीय परिभाषा आणि लोकभाषा यांत अंतर पडते तेव्हा लोकांचा शब्द चुकीचा मानून सोडून देण्याऐवजी त्यात कोणता अनुभव साठला आहे, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

४. गद्य आकलनाच्या अध्यापनात ‘उताऱ्यात काय सांगितले आहे?’ या प्रश्नाला ‘याऐवजी कोणता शब्द वापरता आला असता, आणि मग काय बदलले असते?’ या प्रश्नाची जोड द्यावी. आपले बहुसंख्य विद्यार्थी पदवीनंतर कविता क्वचित वाचतील. शासन निर्णय, पीकविम्याचे पत्र आणि बँकेची नोटीस मात्र त्यांना आयुष्यभर वाचावी लागेल. त्या कागदातील एका शब्दावर आपला हक्क अवलंबून आहे, हे ओळखण्याची क्षमता त्यांना देणे ही भाषेच्या प्राध्यापकाची जबाबदारी आहे.