पाच प्रश्न आणि कोल्हापूर प्रकरण

घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर ‘मास कम्युनिकेशनला जाणार’ असे म्हणाली, की फराळाला जमलेली मंडळी तिच्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहू लागतात. मामा विचारतात, ‘म्हणजे टीव्हीवर दिसणार का?’ आजोबांना वाटते, पेपरात लिहावयाला पदवी कशाला हवी? कोल्हापूरकराला तर ही शंका अधिकच सहज सुचावी. हे गाव सिनेमा शिकले ते कुस्ती तालमीत शिकावी तसे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा आपल्या हातांनी घडविला, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, आणि त्यांच्या कंपनीत उमेदवारी केलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम ह्या मंडळींनी १९२९ साली येथेच ‘प्रभात’ उभी केली. ह्यांपैकी कोणी कसल्या विद्यापीठाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगले नव्हते.

कॅमेरा, छपाई, मथळे बांधणे हे तालमीत जमते, हे मान्यच करावयास हवे. मग कॉलेजाने शिकवावयाचे ते काय? शिवाजी विद्यापीठात वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापनाचा स्वतंत्र विभाग आहे. तेव्हा पदवी हवी की नको हा वाद आता जुना झाला. पाठ्यपुस्तकांचा वाद मात्र अजून घालण्याजोगा आहे, आणि तोच मी येथे घालणार आहे.

ह्या विषयाच्या पुस्तकांत पहिल्या काही पानांतच हॅरल्ड लासवेल ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचे १९४८ सालचे सूत्र भेटते. कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या मार्गाने बोलतो, कोणाला बोलतो, आणि त्याचा परिणाम काय होतो? सूत्र सुटसुटीत आहे. ते पाठ होते, परीक्षेत उपयोगी पडते, आणि विद्यार्थ्याला आपण शास्त्र शिकत आहो असे समाधानही देते. पण शास्त्राची कसोटी उदाहरणावर घ्यावी लागते. आणि उदाहरणासाठी अमेरिकेला जावयाचे कारण नाही. आपल्या गावाचे नाव मिरविणारे एक प्रकरण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात आहेच.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे झाले आहेत असे सरकार म्हणे. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ लिहू लागले, आणि दिवाण माधवराव बर्व्यांवर त्यांनी तोफ डागली. आधाराला काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. आगरकर व टिळक ह्यांनी क्षमा मागितली, तरी खटला चालावयाचा तो चाललाच. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा स्वागताला माणसे लोटली.

आता लासवेलचे पाच प्रश्न लावून पाहा. कोण? न्यू इंग्लिश स्कूलचे दोन तरुण शिक्षक, वय सव्विसाच्या आसपास. काय? राजाचा छळ. मार्ग? एक मराठी पत्र, एक इंग्रजी. कोणाला? महाराष्ट्रातल्या शिकलेल्या माणसांना, आणि ‘मराठा’मार्फत साहेबालाही. परिणाम? तो तर अलोट! पाचही प्रश्नांना पूर्ण गुण. पण ‘बोलतो ते खरे काय?’ हा सहावा प्रश्न सूत्रात नाहीच. लासवेलचा हेतू वेगळा होता, त्याला प्रचाराचा अभ्यास करावयाचा होता, हे खरे. परंतु वार्ताहर घडविणाऱ्या वर्गात हे सूत्र पहिला धडा म्हणून शिकविणे म्हणजे स्वयंपाक शिकविताना वाढप आधी शिकविणे होय.

प्रकरण इथेच संपते तर ते बाळबोध ठरले असते. १८८३ च्या डिसेंबरात ह्याच महाराजांचा अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, अंत झाला. संपादकांची काळजी खरी होती, कागद खोटे होते. आपल्या मनातल्या खऱ्या गोष्टीला पुरावा म्हणून आलेला कागदच माणूस सर्वांत कमी तपासतो. हे कोणत्या आकृतीत बसवावयाचे?

आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशेएक दिवस’ हे छोटे पुस्तक म्हणून मला ह्या वर्गासाठी मोलाचे वाटते. त्याची गंमत अशी, की हुतात्म्याचा आव त्यात नाही. कैदेचे हाल सांगताना लेखक स्वतःला हसतो. दोन मित्र रात्री केवढ्या मोठ्याने वाद घालीत, तेही सांगतो. स्वागताचे हार गळ्यात पडल्यावर असे लिहिणे सोपे नव्हे. तरीही पुस्तकात एक उणीव आहे, आणि ती नेमकी विद्यार्थ्याला जाणवावी अशी आहे. भर सारा तुरुंगावर; ती पत्रे कोणाकडून आली, खरी का वाटली, ह्याचा हिशेब आपल्याला हवा तितका मिळत नाही. आगरकरांसारखा बुद्धिवादी येथे आखडता हात घेतो, ह्याची मला हळहळ वाटते.

आणि हा हिशेब आज घरोघरी लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हाच कोल्हापूरचा जप होता : ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मोबाइलवर आलेल्या आकड्याला वेळ जोडलेली नसेल, तर तो आकडा खरा असूनही खोटा. सकाळची पातळी संध्याकाळी वाचून कोणी माळ्यावर सामान चढवावे, कोणी निर्धास्त झोपावे. वर्गात लासवेलच्या आधी एक तास बंधाऱ्यावर काढावा, आकडा कोण वाचतो, किती वाजता वाचतो आणि तो आपल्या हाती येईपर्यंत कितीजणांच्या हातांतून जातो, हे वहीत लिहून आणावे. आणि मग आगरकरांचे पुस्तक उघडावे. ते एका बैठकीत वाचून होते.