‘मित्राची गोष्ट’ : शीर्षकातील षष्ठी

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्याच्या शीर्षकातील श्लेषाकडे सहसा लक्ष जात नाही. ‘मित्र’ आणि ‘मित्रा’ या दोन्ही शब्दांचे षष्ठीचे रूप येथे एकच होते. तेव्हा ही गोष्ट स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्रा देव हिची, की ती सांगणाऱ्या बापूची, याचा निर्णय व्याकरण देत नाही.

नाटकही तो देत नाही, असे आमचे मत आहे. मित्रा आपल्यापुढे येते ती बापूच्या निवेदनातून. बापू सज्जन आहे. मित्रा आणि नमा यांच्या भेटींसाठी तो आपली खोलीही देतो. परंतु हा आसरा त्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, आणि अखेरीस तो मित्रापासून दूर होतो. म्हणून या कृतीस केवळ ‘सहानुभूतीचे नाटक’ म्हणणे अपुरे आहे. येथे सहानुभूतीचीच परीक्षा आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध तत्कालीन दंडविधानाच्या ३७७व्या कलमाबाहेर काढले, तेव्हा हा प्रश्न मर्जीचा न राहता हक्काचा ठरला. (विवाहाचा हक्क मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्य केला नाही.) या निर्णयांनंतर बापूचे चित्रण जुने वाटत नाही, मित्राचे काहीसे वाटते. तिचे दुःख आणि तिचा आत्मघात नाटककार दाखवितो, पण समाजाकडे तिचे मागणे काय, हे तिच्या मुखातून पुरतेपणी येत नाही.