झाकलेले आणि ताब्यातले

रसग्रहण कवितेचे करावे, फार तर कथेचे, सरकारी नियमाचे कोण करते? पण शस्त्र नियम, २०१६ मधला बत्तिसावा नियम मला नेमक्या लेखनाचा नमुना वाटतो. परवान्याचे शस्त्र चारचौघांत कसे बाळगायचे, एवढाच त्याचा विषय आहे आणि तो थोडक्या ओळींत संपतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर एकतर अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये असावे किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत असावे. ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. शेवटी परंतुक येते: लग्न, मिरवणूक, जत्रा किंवा कुठलाही जाहीर समारंभ असो, वस्तीत शस्त्र परजायचे नाही आणि झाडायचेही नाही. बस्स.

आम्ही विद्यानगरला राहतो, आणि हैदराबादेत राहून हा नियम वाचताना त्याची चव वेगळी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या या शहरात शस्त्र लपवण्याची चीज नव्हती. निजामाच्या आणि त्याच्या सरदारांच्या पदरी असलेले अरब, रोहिले, पठाण कमरेला जंबिया खोचून भर बाजारातून हिंडत. या अरब शिपायांच्या बराकींवरूनच ‘बारकस’ या वस्तीला नाव पडले. कमरेचे हत्यार हा पोशाखाचाच भाग होता. माणूस कोणाच्या पदरचा आणि किती वजनाचा, हे त्यावरून कळे. बत्तिसाव्या नियमाने हा सगळा दिमाख काढून घेतला. परवाना हवा तर घ्या, पण शस्त्र मिरवता येणार नाही, असा त्याचा रोखठोक सूर आहे.

जगात हा विचार सगळीकडे असाच चाललेला नाही. अमेरिकेत केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. सरळ माणूस हत्यार उघड बाळगतो आणि लपवतो तो मारेकरी, अशी त्या काळची समजूत होती. आपला नियम नेमका उलट टोकाला उभा आहे: उघडे दिसले तर नियम मोडला. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या कायद्यातले ८४ वे कलम जवळजवळ याच शब्दांत लिहिलेले आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तर एकाच घराण्याचे वाटतात.

आता शब्दांकडे येऊ. होल्स्टर कसे असावे? छोट्या शस्त्रासाठीच बनवलेले किंवा त्यासाठी जुळवून घेतलेले. हा तपशील भरीचा वाटतो, पण नियमाचे सगळे शहाणपण तिथेच आहे. सिनेमातला नायक पिस्तूल पँटमध्ये मागे खोचतो आणि धावत सुटतो. खिसा किंवा पट्टा हे शस्त्रासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे खोचलेले शस्त्र सरकते, निसटते आणि चाप मोकळा राहतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे रिव्हॉल्वर घ्या, किंवा कानपूरमधूनच २०१४ मध्ये महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून आलेले हलके ‘निर्भीक’ घ्या. दोन्हींत सहा काडतुसे बसतात. पिस्तुलाला असतो तसा वेगळा सेफ्टी कॅच रिव्हॉल्वरला बहुधा नसतो. चाप जड असणे हीच त्याची मुख्य सुरक्षा असते. म्हणून चापाभोवतीचे कडे पूर्ण झाकणारे आणि घट्ट धरून ठेवणारे होल्स्टर ही चैनीची वस्तू ठरत नाही. शस्त्राइतकीच तिची गरज आहे.

दुसरा शब्द ‘पूर्णपणे’. संध्याकाळी विद्यानगर स्टेशनावर फलकनुम्याकडे जाणारी एमएमटीएस लोकल येते, तेव्हा डब्यात विद्यापीठाची मुले, दवाखान्यातून परतणारे लोक आणि ऑफिसची गर्दी एकत्र शिरते. अशा डब्यात वरची कडी धरायला हात उचलला की शर्ट वर सरकतो आणि कमरेची मूठ शेजाऱ्याला दिसते. तेवढ्यात नियम मोडला. शर्टाची लांबी, बसताना वाकण्याची पद्धत, कोणत्या बाजूला कोण उभे आहे, हे सगळे शस्त्रधाऱ्याने सतत मनात धरावे, अशी त्या एका शब्दाची अपेक्षा आहे. शस्त्र बाळगणे ही दिवसभराची शिस्त आहे, हे नियम उपदेश न करता सांगून जातो.

सगळ्यात रसाळ जागा पुढे आहे. ‘झाकलेले’ आणि ‘ताब्यातले’ या दोन अटी एकमेकींना ओढतात. जितके खोल झाकावे तितका हात उशिरा पोहोचतो. हाताशी ठेवावे तर ते उघडे पडते. नियम कोणाचीच बाजू घेत नाही, दोन्ही अटी एका वाक्यात बांधून ठेवतो. स्वसंरक्षणाची सगळी अवघड नीती या ताणात आहे. झटपट शस्त्र काढण्याची सोय कायदा करून देत नाही. पण ते दुसऱ्याच्या हाती जाऊ नये याची जबाबदारी मात्र पक्की टाकतो.

इथेच नियमाचा कच्चा धागाही दिसतो. पिशवीची मुभा देऊन त्याने स्वतःच्याच दुसऱ्या अटीला सुरुंग लावला आहे. किल्ल्या, चार्जर, छत्री यांच्यात पडलेले रिव्हॉल्वर झाकलेले असते, ताब्यात नसते. पिशवी वरच्या फळीवर ठेवली की ताब्याचे नावच नको. वेगळा कप्पा आणि चापाला झाकण, एवढे तरी नियमाने बोलायला हवे होते. तलम सदऱ्याखालून शस्त्राचा आकार उठून दिसला तर ते झाकलेले म्हणायचे का, यावरही तो गप्प आहे.

हा नियम एकटा वाचला तर अर्धाच कळतो. शस्त्र कधी काढायचे, याचे उत्तर खासगी बचावाच्या हक्कात आहे. जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली. पोलिसांकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची नाही. ही दोन कुंपणे ३७ व्या कलमात आहेत. त्यानंतर ४४ वे कलम वाचावे. त्याच्या दृष्टांतात एका माणसावर जमाव चालून येतो, जीव वाचवायला गोळी झाडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. कायदा त्या माणसाला गुन्हेगार ठरवत नाही. पण एवढ्या टोकाचे उदाहरण निवडून तो वाचणाऱ्याला विचारतो की अशा रस्त्यावर तू शस्त्र घेऊन का आलास, आणि गोळी कुठे जाईल हे तुला ठाऊक आहे का. गर्दीच्या शहरात हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही.

म्हणूनच याच नियमावलीने प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घातले. सुरक्षित हाताळणी, बाळगण्याची पद्धत, नेम आणि साठवण हे त्याचे विषय आहेत. यातला शेवटचा विषय किरकोळ नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा आपले परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवत असताना ते हातातून पडले आणि सुटलेली गोळी त्याच्याच पायात शिरली, असे त्याच्या व्यवस्थापकाने सांगितले. घरात ना चोर होता ना जमाव. बत्तिसाव्या नियमातल्या परंतुकालाही बळ मिळाले आहे: शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे राहू शकणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली.

एकूण निकाल असा: पिशवीची पळवाट सोडली तर बत्तिसावा नियम मोजक्या शब्दांत पुष्कळ सांगतो. वीरश्रीचा विषय हाती असून त्यात फुशारकीचा एक शब्द नाही, हे त्याचे मोठे यश. हैदराबादेत परवाना शहर पोलीस आयुक्तांकडून मिळतो, आणि अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाखाली तो निलंबित किंवा रद्दही होतो. तेव्हा अर्ज करण्याआधी हा नियम आणि न्याय संहितेची ती अकरा कलमे सावकाश वाचा. वाचून झाल्यावरही शस्त्र हवेच वाटले, तर आधी चांगले होल्स्टर घ्या.