लुप्त गिरणगाव आणि आठवणींचे वाङ्मय

गेल्या काही वर्षांत मराठीत आठवणींच्या लेखनास बहर आला आहे, आणि मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या बाळपणाच्या आठवणींचा त्यातील वाटा लहान नाही. दिवाळी अंक उघडावा, तो चाळीची गॅलरी, पहाटेचा भोंगा, नळावरची रांग, गणेशोत्सवातील नाटके आणि भजनी मंडळे ही सारी वाचकाच्या भेटीस हजर होतात. असे लेखन वाचताना मन सुखावते, ह्यात संशय नाही. तथापि सुखावणे हा वाङ्मयाचा एक गुण होय. ती त्याची कसोटी नव्हे. जी वस्ती आता उरली नाही तिची आठवण खरी कधी म्हणावी आणि केवळ शोभेची कधी म्हणावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली व १८५६ साली ती चालू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा ह्या भागांत कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांचे एक शहरच वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले, आणि त्या संपानंतर त्यांतील कित्येकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. आज लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात श्रीमंती मॉल उभा आहे. एवढी मोठी वस्ती एका पिढीच्या डोळ्यांदेखत विरून जावी आणि तिची कोणास हळहळ वाटू नये, हे शक्यच नव्हते.

पण ही हळहळ नक्की कोणाची, हे पाहिले पाहिजे. जो गिरणीत राबत होता त्याची ओढ बहुधा चाळीकडे नव्हती, गावाकडे होती. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ ह्या छक्कडीने ती ओढ अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी घातली. चाळीची ओढ लागली ती त्याच्या मुलांना. बापाने जेथे दिवस काढले, तेथे मुलाने बाळपण भोगले. आजच्या आठवणी ह्या मुलांच्या आहेत, आणि त्यांचे बळ व त्यांची उणीव ही दोन्ही ह्या एकाच गोष्टीतून निघतात. मुलाला बाप दिसला तो पाळी सुटल्यावर. फाटकाच्या आत काय चालते हे त्याने पाहिले नव्हते. म्हणून त्याची आठवणही बहुधा फाटकाशी येऊन थांबते.

फाटकाच्या आत काय होते? तेथे धूळ, उकाडा आणि यंत्रांचा घोष तर होताच. पण तेथे जातही होती. विणकाम खात्यात अधिक मजुरी मिळे, आणि त्याच खात्याची दारे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होती. कारण धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तो धोटा मग दुसऱ्याच्या हाती जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. आता चाळीतील एकोप्याची वर्णने वाचावीत! त्यांतील एकोपा खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण तो किती लांबीचा होता, हे लेखकाने सांगावयास नको काय? तीच गोष्ट खाणावळींची. एकट्या राहणाऱ्या कामगारांचे जेवण रांधणाऱ्या बायांच्या हातच्या कालवणाची चव पुष्कळांना आठवते. पण त्या बाया सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत आणि त्यांतून वर येण्यासाठी प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ निघाले, हे क्वचितच कोणी लिहितो. चव राहते आणि चूल विसरली जाते, हाच ह्या लेखनाचा मुख्य दोष होय.

मराठीत ह्याहून खोल उतरलेले लेखन नाही असे मुळीच नाही. मामा वरेरकर गिरणीचे कामगार नव्हते. तरी ‘धावता धोटा’ लिहिताना त्यांनी कादंबरीचे नावच यंत्राच्या एका भागावरून घेतले, यावरून आपली दृष्टी कोठे लागली पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. नारायण सुर्वे यांना एका गिरणीकामगाराने अनाथ तान्हे मूल म्हणून उचलून वाढविले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) ह्या संग्रहांत ती वस्ती येते ती दयेची याचना करीत नाही आणि नटूनथटूनही येत नाही. कामावर जाणाऱ्या माणसाच्या चालीने येते. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक तर संपानंतरच्या एका चाळीतील खोलीत घडते. रंगभूमीवर गिरणी नाही. पण घरातील प्रत्येक भांडणात तिचे बंद पडणे ऐकू येते. मुलांच्या पिढीने लिहिलेल्या वाङ्मयात आम्ही ह्या नाटकास अग्रस्थान देतो, कारण येथे मूल फाटकाशी थांबलेले नाही. बापाचे काम गेल्याने घराचे काय होते, हे त्याने पाहिले आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात तर शेकडा माणसे आपापल्या तोंडाने बोलतात. एकट्याच्या आठवणीस जो गोडवा चढतो, तो शेजारची दुसरी साक्ष उतरविते.

येथवर मुंबईचा विचार झाला. पण ज्या कापसावर हे गिरणगाव उभे राहिले, त्याचा पुष्कळसा भाग वऱ्हाडातून जात होता, आणि ह्या विचारात आमचा बुलढाणा जिल्हा येतो तो येथे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. खामगावचा बाजार वऱ्हाडात अग्रगण्य ठरला, आणि १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला झाला. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव येथे जिन व प्रेस उभे राहिले. कापसातून सरकी वेगळी काढावयाची आणि रुई दाबून गाठी बांधावयाच्या, हे ह्या कारखान्यांचे काम. रेच्याच्या तोंडाशी कापूस घालीत उभ्या असत त्या बहुतेक बाया.

ह्या बायांचे आठवणींचे वाङ्मय कोठे आहे? ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ने मेहकरचे नाव काव्यात अमर केले; उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडातील एका दरिद्री घरातील स्त्रीचे झुंजणे त्याच मातीच्या बोलीत उभे केले. म्हणजे प्रतिभा उणी नव्हती आणि भाषाही उणी नव्हती. उणी होती ती वस्ती. जिन दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हाळ्यापर्यंत चाले. मग त्याच बाया शेतात निंदणीला जात. त्यांची चाळ नव्हती, भोंग्यावर चालणारे वर्षभराचे जीवन नव्हते, म्हणून ‘आमचे गिरणगाव’ असे म्हणणारी मुलेही निपजली नाहीत. कायद्यानेही हा भेद पाळला. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यातील प्रौढ कामगारास आठवड्यास ५४ तासांची मर्यादा होती, तर हंगामी कारखान्यात ६० तासांची! ज्यांचे काम सरकारदरबारी अर्धे काम गणले गेले, त्यांची आठवण वाङ्मयात अर्धीही उतरली नाही.

जिनाचा धंदा आजही चालू आहे. परंतु २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर पुष्कळ कारखान्यांत कापूस यंत्रच घालू लागले, आणि रेच्यापुढची ती रांग आखडत गेली. ज्या बायांनी तेथे उमेद घालविली, त्यांतील कित्येक आज वृद्ध होऊन हयात आहेत.

ह्या जिल्ह्यातील आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी शिक्षण आले ते अडतीच्या, वकिलीच्या किंवा कारकुनीच्या उत्पन्नातून, आणि त्या उत्पन्नाच्या मुळाशी बहुधा कापूसच होता. तेव्हा हे ऋण त्यांचेही आहे. त्यांनी लेखणी हाती धरून त्या आजींकडे जावे. आणि जुन्या दिवसांची गंमत विचारण्याआधी पाळी किती तासांची होती, आठवड्यास काय हाती पडे, तान्हे मूल कोठे ठेवीत, आणि रुईच्या धुळीने धरलेला खोकला कधी सुटला की नाही, हे विचारावे. गंमत त्या आपण होऊनच सांगतील. मग त्या आठवणी जशा ऐकल्या तशा छापाव्यात. मराठी वाङ्मयात त्यांची जागा अद्याप रिकामीच आहे.